पाणी उद्या येणार, हे आज कळू द्या

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका,
तसेच पाणीपुरवठा आणि आरोग्य विभागाचे सर्व अधिकारी

विषय: डेंग्यूचा बंदोबस्त नळाला पाणी सुटण्याच्या दिवसाशी जोडण्याबाबत

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त आरोग्य सेविका आहे, पूर्व भागात राहते. नोकरीतली बरीच वर्षं मी लोकांच्या मोरीत, जिन्याखाली आणि गच्चीवर टॉर्च घेऊन बॅरलात डोकावण्यात घालवली. त्यातून जे कळलं ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमक्ष लिहिते आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. ज्या गल्लीत उद्या पाणी सुटणार आहे त्या गल्लीला ते आज खात्रीने कळलं पाहिजे, आणि त्या आदल्या दिवशी आशा ताई तिथे दारोदारी फिरली पाहिजे. सोलापुरात डेंग्यूवर जे काही करण्यासारखं आहे त्यातला मोठा वाटा या एका गोष्टीत आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता त्याचं कारण.

डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती. काळा, अंगावर नि पायांवर पांढरे पट्टे. हा गटारात वाढत नाही. त्याला घरातलं साठवलेलं, आपण ज्याला चांगलं म्हणतो ते पाणी लागतं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर आतल्या बाजूला, एकेक करून चिकटवून. खसखशीहून बारीक, काळी. आणि खरी अडचण इथेच आहे. भांडं रिकामं केलं, कोरडं पडलं, तरी ही अंडी मरत नाहीत. महिनोन् महिने तशीच चिकटून राहतात. पुन्हा पाणी भरलं, पातळी चढून अंडी बुडाली, की फुटतात. अंड्याची अळी, अळीचा कोष, कोषाचा डास हा प्रवास आपल्याकडच्या उकाड्यात सात-आठ दिवसांत, फार तर दहा दिवसांत पुरा होतो.

हे सगळं आपल्या शहरातल्या एका बॅरलाला लावून बघा. दोनशे लिटरचा निळा प्लास्टिकचा बॅरल, मोरीच्या कोपऱ्यात. नळाला पाणी येतं कुठे तीन, कुठे चार, कुठे पाच दिवसांआड. हद्दवाढ भागात कधी त्याहून जास्त. दोन-चार दिवसांत बॅरल अर्ध्यावर येतो. मधल्या काळात मादी येऊन उघड्या पडलेल्या ओल्या भागाला अंडी चिकटवून जाते. मग एके पहाटे नळ येतो, बाई धावपळ करत बॅरल काठोकाठ भरते आणि ती सगळी अंडी पाण्याखाली जातात. म्हणजे पाण्याची प्रत्येक फेरी त्या अंड्यांना जागं करते. बॅरल पुरता रिकामा कधी होतच नाही, कारण त्यात नेहमी वरून भर पडते. घासला जातो तो दिवाळीला किंवा पाहुणे यायचे असले तर.

ह्याच घरातला पिण्याचा हंडा बघा. नळ आला की बाई आधी हंडा-कळशी घेते, शिळं पाणी ओतते, चिंच नाहीतर राख लावून घासते, मग भरते. पिण्याच्या हंड्यात अळी सापडली असं मला सहसा आठवत नाही. म्हणजे ज्ञान आहे, सवय आहे, हात चालतो आहे. मग बॅरलाच्या वाट्याला ते का येत नाही?

मी हे शेकडो बायकांना विचारलं आहे. उत्तर जवळजवळ एकच. "नर्सबाई, आज हे ओतलं आणि उद्या नळ नाही आला तर?" आणि तिचं बरोबर आहे. पाणी पाच दिवसांनी येणार म्हणतात, सहाव्या दिवशी येतं, कधी पहाटे तीनला येतं, कधी वीज गेली म्हणून येत नाही, कधी जलवाहिनी फुटली म्हणून पुढे ढकललं जातं. उजनी धरणापासून शहरापर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त अंतर पाणी वाहून आणायचं आहे, त्यात कुठेही काही बिघडलं की इथल्या गल्लीतला वार बदलतो. ज्या बाईला पुढचं पाणी कधी येणार ह्याची खात्री नाही, ती शिल्लक पाणी ओतणार नाही. तिच्या जागी मीही ओतणार नाही. तिला बेजबाबदार म्हणणं मला कधी पटलं नाही.

आपण फलक लावतो, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, म्हणजे पाण्याची सगळी भांडी ओतून कोरडी करा. वार ठरवून देतो. ज्या गल्लीत आदल्याच दिवशी पाणी भरलेलं आहे, तिने दुसऱ्या दिवशी भरलेला बॅरल ओतावा अशी ही अपेक्षा आहे. ती कुणी पाळत नाही, पाळूही शकत नाही. कोरडा दिवस हा साऱ्या शहराचा एक वार असून भागणार नाही. तो गल्लीगल्लीचा वेगळा असायला हवा, आणि तो पाणी सुटण्याच्या आदल्या दिवशीच असायला हवा. त्या दिवशी बॅरल तळाला गेलेला असतो. ओतायला फारसं काही नसतं. घासायला दहा मिनिटं लागतात. आणि दुसऱ्या दिवशी भरायला नवं पाणी असतं.

एक हिशेब आपण दोन्ही खात्यांनी मिळून बघावा असं मला वाटतं. पाणी पाच दिवसांआड येतं, ह्या गोष्टीचा सोलापूरकरांना वर्षानुवर्षं जाच आहे. पण अळीला डास व्हायला किमान सात-आठ दिवस लागतात. दर पाच दिवसांनी एकदा बॅरल पूर्ण रिकामा होऊन घासला गेला, तर त्यातल्या एकाही अळीला डास होण्याइतका वेळ मिळत नाही. तेव्हा जी फेरी आज डास वाढवते आहे, तीच फेरी डास मारण्याच्या कामी आणता येईल. अट इतकीच की फेरी खात्रीची हवी, आणि आधी कळायला हवी. रोज पाणी मिळालं तर ह्याहून उत्तम काय, त्यासाठीही आम्ही भांडतोच आहोत. पण धरणातून जास्त पाणी आणणं वेगळं आणि ते प्रत्येक नळाला रोज पोचवणं वेगळं. त्याला उंच टाक्या लागतात, गावातल्या जुन्या वाहिन्या बदलाव्या लागतात. ते होईपर्यंत पोरांनी तापात पडत राहावं का?

आता चावीवाल्याबद्दल, म्हणजे गल्लीगल्लीच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाबद्दल. माझ्या मते डेंग्यूच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित माणूस म्हणजे चावीवाला. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सुटणार, हे त्याच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नसतं. उशीर होणार असेल तर तेही त्यालाच आधी कळतं. आणि आरोग्य खात्याच्या बैठकीत तो कधी नसतो, कारण तो दुसऱ्या खात्याचा. माझी विनंती आहे की प्रत्येक भागात चावीवाला आणि तिथली आशा ताई ह्यांची जोडी लावून द्यावी. आदल्या दिवशी सकाळी त्याने तिला सांगावं, उद्या तुमच्या ह्या-ह्या गल्ल्या. फोन पुरे, कागदसुद्धा नको. मग तिने त्याच गल्ल्या घ्याव्यात. आज ती यादीप्रमाणे घरं घेते. कुणाच्या घरी कालच भरलेले बॅरल, कुणाच्या घरी निम्मे, आणि सगळीकडे एकच वाक्य सांगत फिरते. बाया ऐकून घेतात, चहा विचारतात, आणि बॅरल तसाच राहतो.

सांगण्याचं काम घंटागाडीही करू शकते. ती रोज दारात येते, तिच्यावर भोंगा आहे. "उद्या पाणी आहे, आज बॅरल घासा" एवढं एक वाक्य त्या गल्लीपुरतं वाजवायला किती खर्च येणार? फक्त ते मराठीबरोबर तेलुगूत, कन्नडमध्ये आणि हिंदी-उर्दूतही असावं. साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौकाच्या पट्ट्यात घरात तेलुगू बोलणाऱ्या आजीला मराठी पत्रक वाचून दाखवायला नातू शाळेतून यावा लागतो. घरातली पाण्याची सगळी जबाबदारी मात्र त्या आजीवर असते.

दारात गेल्यावर काय सांगायचं, तेही बारकाईने ठरायला हवं. "पाणी साठवू नका" हे वाक्य आपल्या पत्रकांतून काढून टाका, ही माझी हात जोडून विनंती आहे. सोलापुरात पाणी साठवू नका म्हणणं म्हणजे जगू नका म्हणणं. त्याऐवजी असं सांगावं: बॅरलाच्या तळाचं उरलेलं पाणी जुन्या सुती ओढणीतून किंवा धोतराच्या फडक्यातून बादलीत गाळून घ्या, ते कपड्यांना, फरशीला वापरा, थेंबही वाया जात नाही. फडक्यावर राहिलेल्या अळ्या उन्हात वाळवून टाका. मग काथ्याने किंवा घासणीने बॅरल आतून, विशेषतः वरच्या निम्म्या भागाला, जोर लावून घासा. नुसतं विसळून अंडी सुटत नाहीत. घासलेलं पाणी मातीवर, कोरड्या जागी टाका. भरल्यावर झाकण, झाकण नसेल तर दुहेरी सुती कापड दोरीने आवळून बांधा. कापड पाण्यात लोंबता कामा नये, नाहीतर त्याच ओल्या कापडाला मादी अंडी लावते.

जमिनीतला हौद मात्र पाच दिवसांनी रिकामा करणं कुणालाच जमणारं नाही. तिथे अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत, किंवा अबेट हे अळ्या मारणारं औषध टाकावं. अबेटबद्दल बायकांच्या मनात फार भीती असते. वास येतो, पाण्यात विष टाकलं म्हणतात, आपले लोक पाठ फिरवून गेले की हौद उपसून टाकतात. ठरलेली मात्रा लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्या मात्रेत ते पिण्याच्या पाण्यालाही चालतं असं सांगितलेलं आहे, हे दारात उभं राहून समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कर्मचाऱ्याला द्या. दिवसाला इतकी घरं झालीच पाहिजेत असा आकडा डोक्यावर असला, तर तो पाच मिनिटं कुठून आणणार?

तपासणीचंही तसंच आहे. बॅरलात टॉर्च मारला की अळ्या वळवळत तळाला जातात. घाईत असलेला माणूस म्हणतो, काही नाही, आणि दारावर खडूने खूण करून पुढे जातो. खरं म्हणजे टॉर्च तसाच धरून, सावली न हलवता, मिनिट-दोन मिनिटं थांबावं लागतं. मग एकेक अळी वर येते, शेपटीकडची श्वासाची नळी पाण्याच्या वरच्या थराला लावते आणि डोकं खाली करून तिरकी लटकते. बाईला तिथेच बोलावून तिच्याच बॅरलातली ती अळी दाखवली, एका काचेच्या ग्लासात काढून हातात दिली, की पुढे काही सांगावं लागत नाही. मी पाहिलं आहे, शेजारणींना हाका मारून ती स्वतः दाखवत सुटते. आपल्या कुठल्याही फलकाचा इतका उपयोग होत नाही.

आणि आता धूर. साथ सुरू झाली की लोक म्हणतात धूर मारा, नगरसेवक म्हणतात धूर मारा, आणि संध्याकाळी मशीन गल्लीतून जातं. साहेब, त्या धुराने त्या क्षणी उडत असलेले थोडे डास मरतात, बाकी काही होत नाही. एडिस घरात असतो: खुंटीवरच्या कपड्यांमागे, खाटेखाली, कपाटाच्या मागे अंधारात. मशीनचा आवाज आला की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. अळीला धूर लागत नाही, अंड्याला तर नाहीच. शिवाय गटारावरची फवारणी ज्या डासावर आहे तो क्युलेक्स, रात्री चावणारा. त्याने डेंग्यू होत नाही. धुरळणी अजिबात बंद करा असं मी म्हणत नाही. रुग्ण सापडला की त्याच्या घराच्या आत आणि आजूबाजूच्या घरांत ती लगेच व्हायला हवी, कारण विषाणू पोटात घेतलेले डास तिथेच असतात. पण सगळ्या शहराला धूर दाखवून समाधान करणं थांबवावं, आणि तो पैसा नि माणूसबळ बॅरलाकडे वळवावं. लोकांना हे आवडणार नाही. ते आपणच त्यांना सांगायला हवं.

अळी शोधण्याच्या कामाला कमी लेखू नये म्हणून एक उदाहरण देते. क्यूबात 1981 साली डेंग्यूची भयंकर साथ आली. 3 लाख 44 हजारांहून जास्त रुग्ण, 158 मृत्यू, त्यांत 101 मुलं. त्यानंतर त्या देशाने घरोघरी जाऊन डासांची पैदास होणारी भांडी शोधायची मोहीम नेटाने चालवली आणि 1997 पर्यंत तिथे पुन्हा साथ उठली नाही. तेव्हा लस नव्हती, खास औषध नव्हतं. औषध आजही नाही. आपल्या देशात बनलेल्या लसीच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झाल्या आहेत, पण त्यावर आजचं सोलापूर सोडता येणार नाही.

आपल्या शहराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा डास दिवसा चावतो, सकाळी ऊन वर येताना आणि संध्याकाळी दिवेलागणीआधी सगळ्यात जास्त. मच्छरदाणी रात्रीची. तेव्हा दिवसा माणूस कुठे बसतो ते पाहायला हवं. विडी वळणारी बाई दिवसभर घरातच, जमिनीवर मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन बसते. पानं भिजवायला पाणी शेजारीच. खाली वाकलेली मान नि उघडे पाय. यंत्रमाग कारखान्यात कामगार दिवसपाळीला तासन् तास उभा. कोपऱ्यात हातपाय धुवायचे आणि पिण्याचे बॅरल, भिंतीला सुताच्या पोत्यांची अडगळ, अंधार. कारखाना ही खासगी जागा आहे म्हणून आमचे लोक बहुतेक वेळा दारातूनच परत येत. घराएवढीच, किंबहुना जास्त काटेकोर तपासणी कारखान्यांची, शाळांच्या टाक्यांची आणि बांधकामांवरच्या पाण्याच्या हौदांची व्हावी. तिथे मालक एक असतो, जबाबदारी ठरवता येते, दोनदा सांगून न ऐकल्यास दंडही करता येतो. बॅरलवाल्या बाईला दंड करून काही साधणार नाही.

तापाविषयीही लिहायला हवं, कारण सगळं करूनही काही जणांना डेंग्यू होणारच. आमच्या गल्लीच्या मागच्या बाजूला एक तरुण कामगार राहतो. त्याला भरून ताप आला, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून आल्यासारखं. चौथ्या दिवशी ताप उतरला. घरच्यांना बरं वाटलं. खाडा नको म्हणून तो पाचव्या दिवशी कामावर गेला. दुपारी मागापाशीच खाली बसला. हातपाय गार, पोटात मुरडून दुखतंय, उलट्या थांबेनात. बरोबरच्या लोकांनी वेळ न घालवता रिक्षात घातलं म्हणून तो आज आहे.

डेंग्यूत सगळ्यात धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, आणि हे अजून घराघरात पोचलेलं नाही. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातला पातळ भाग रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपू लागतो, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळतो. प्लेटलेट किती, प्लेटलेट किती म्हणून नातेवाईक गावभर रक्तपेढ्या पालथ्या घालतात, पण रक्तस्राव नसताना नुसता आकडा खाली आला म्हणून सहसा प्लेटलेट चढवावे लागत नाहीत. ताप गेल्यावर ते आपणहून वाढतात. जीव वाचतो तो वेळेवर आणि मोजून दिलेल्या पाण्याने, सलाईनने. म्हणून आशा ताईने तापाच्या घरी एवढं नक्की सांगावं: ताप उतरल्यावर दोन दिवस कामावर, शाळेत जायचं नाही. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, सुस्ती किंवा तगमग, चार-सहा तासांत लघवी नाही, ह्यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच घटकेला दवाखाना. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेत. मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ह्यांनी रक्तस्राव वाढतो. ताक, लिंबू-साखर-मिठाचं सरबत, पेज, ओआरएस सतत थोडं थोडं. पपईच्या पानाच्या रसावर विसंबून कुणी घरी थांबू नये. आणि "मला एकदा होऊन गेलाय" म्हणून निर्धास्त राहू नये. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, एका प्रकाराने दुसऱ्यापासून कायमचं संरक्षण मिळत नाही, उलट दुसऱ्या खेपेचा डेंग्यू जास्त गंभीर होण्याची भीती असते.

चाचण्यांच्या बाबतीत माझी तक्रार नाही, सूचना आहे. खासगी लॅबमध्ये पट्टीवर होणारी झटपट चाचणी शासन डेंग्यूची खात्री म्हणून धरत नाही, एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी लागते. पहिल्या पाच दिवसांत विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-1, त्यानंतर शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधणारी आयजीएम, जिचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून येतात. नियम योग्य आहे, कारण पट्टी चुकू शकते. पण अहवाल येईपर्यंत दिवस जातात. तापातल्या माणसाला चावलेला डास आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्याला रोग द्यायला तयार होतो आणि तो सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे आपल्याजवळ जो वेळ असतो तो हाच. पट्टीवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण आकड्यात धरू नका, पण त्याची गल्ली त्याच दिवशी आरोग्य खात्याला कळू द्या. आजूबाजूची घरं दुसऱ्या दिवशी तपासून होऊ द्या. ह्यासाठी खासगी डॉक्टरांशी आणि लॅबवाल्यांशी सन्मानाने बोलून व्यवस्था लावता येईल. रुग्ण कळवला तर आपल्यालाच नोटीस येईल अशी धास्ती त्यांच्या मनात राहू नये.

वेळेबद्दलही. 16 मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन असतो, जुलै हा डेंग्यूविरोधी महिना. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून डेंग्यू हा मुंबई-पुण्याचा आजार असं लोक समजतात. उलट कडक उन्हाळ्यात, बाहेर सगळं कोरडं ठाक असतानाही आपल्या मोऱ्यांतले बॅरल आणि खिडकीतले कूलर भरलेले असतात. डासाचं बीज तिथे टिकून राहतं. पहिल्या सरी पडल्या की ते टायरात, नारळाच्या करवंट्यांत, गच्चीवरच्या भंगारात पसरतं. सप्टेंबरात रुग्ण वाढल्यावर धावपळ करण्यापेक्षा मे महिन्यात बॅरल घासलेले बरे. आणि ह्या गावाचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर लोकांना बरोबर घेऊन तळं खणणारं आहे; पाण्यासाठी सगळ्यांनी हात लावावा ही गोष्ट इथे कुणाला नव्याने शिकवावी लागणार नाही. विचारणारं कुणीतरी हवं.

एकदम सगळ्या शहरात करा असं मी म्हणत नाही. एक झोन निवडा, शक्यतो जिथे पाच दिवसांआड पाणी आहे आणि दाट वस्ती आहे असा. मे ते नोव्हेंबर चावीवाला आणि आशा ताईंची जोडी तिथे लावा. सुरुवातीला तिथल्या शंभर घरांमागे किती भांड्यांत अळी सापडते ते मोजा, म्हणजेच ब्रेटो निर्देशांक काढा, आणि दर महिन्याला तो झोन कार्यालयाच्या फलकावर लावा. शेजारच्या झोनचाही लावा. पाणी ठरल्या दिवशी सुटलं की नाही, तेही त्याच फलकावर त्याच्या शेजारी लिहा. दोन आकडे एका फलकावर आले की दोन खात्यांना एकमेकांशी बोलावं लागेल, आणि नागरिकांनाही आपलं बॅरल घासलं गेलं की नाही ते स्वतःला विचारावं लागेल.

माझ्यासारख्या निवृत्त नर्सेस ह्या शहरात बऱ्याच आहेत. नव्या मुलींना बॅरलात अळी कशी बघायची, अबेटची मात्रा कशी काढायची, ओतायला तयार नसलेल्या बाईशी कसं बोलायचं, हे शिकवायला आम्ही येऊ. मानधन नको. फक्त आदल्या दिवशी कळवा, कुठल्या गल्लीत पाणी सुटणार आहे ते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
पूर्व भाग, सोलापूर